सिॲटलच्या पाइक प्लेस मार्केटमध्ये पहिल्यांदा जाताय? थेट शेतकऱ्यापर्यंत पोहोचा

लेकीकडे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलला पहिल्यांदा गेले, तेव्हा आल्या आल्या एका शनिवारी आम्ही पाइक प्लेस मार्केट बघायला गेलो. जुलै महिना, दुपारचे साडेबारा. मासळीवाल्यांना मासे फेकताना पाहिलं, कॉफीच्या दुकानापुढे पाऊण तास रांगेत उभे राहिलो, फोटो काढले, एका सुंदर रचलेल्या गाळ्यावरून थोडी फळं घेतली आणि पाय दुखायला लागल्यावर परतलो. संध्याकाळी त्यातला अननस चिरताना लेक म्हणाली, "आई, अननस या राज्यात पिकतच नाही." म्हणजे शंभराहून जास्त वर्षं चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या बाजारात जाऊन आम्ही एकाही शेतकऱ्याशी बोललो नव्हतो. मला फार हळहळ वाटली.

त्यानंतर दोन मुक्कामांत मी तिथे बऱ्याच सकाळी गेले. मुलांकडे येणारे आईबाबा, कामानिमित्त दोन दिवस आलेले किंवा अलास्काला जाणाऱ्या पर्यटकांच्या बोटीआधी एक दिवस मोकळा असलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. ही जागा का सुरू झाली, ते आधी समजून घ्या

पाच मिनिटं लागतील, पण हे ठाऊक असलं की तिथे काय बघायचं ते आपोआप कळतं.

१९०६-०७ मध्ये सिॲटलमध्ये कांदा भडकला. पौंडाला १० सेंट असलेला भाव एक डॉलरवर गेला. कांद्याच्या भावावरून गावं कशी पेटतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. शेतकरी माल अडत्याकडे टाकायचा, अडत्या त्याच्या हातावर थोडेफार पैसे ठेवायचा आणि गिऱ्हाईक मात्र दामदुप्पट मोजायचं. शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघंही नाडले जात होते. तेव्हा थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकानं एक रस्ता मोकळा करून मागितला. शेतकऱ्यानं आपली गाडी तिथे लावायची आणि माल थेट लोकांना विकायचा. १७ ऑगस्ट १९०७ च्या शनिवारी पहिल्यांदा जेमतेम आठ-दहा गाड्या आल्या. दुपारच्या आत सगळा माल संपला आणि कित्येक बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर छप्पर असलेली पहिली इमारत उभी राहिली.

म्हणून आजही आत "मीट द प्रोड्यूसर" अशी पाटी दिसते. ज्यानं पिकवलं त्याला भेटा, असं ती सांगते. हे वाक्य मनात ठेवून आत शिरा.

२. दिवस आणि वेळ

आठवड्यातला मधला दिवस घ्या, मंगळवार ते गुरुवार. मार्केट थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरमधला सण) आणि नाताळ हे दोन दिवस सोडले तर वर्षभर उघडं असतं, पण शेतकऱ्यांची खरी गर्दी जून ते ऑक्टोबर. याच महिन्यांत अलास्काला जाणाऱ्या मोठ्या बोटी सिॲटलच्या धक्क्याला लागतात आणि एकेका बोटीतून हजारो माणसं उतरतात. शनिवार-रविवार दुपारी मुख्य बोळातून चालायलासुद्धा जागा नसते.

मला सगळ्यात आवडते ती सकाळी नऊ ते साडेदहाची वेळ. टेबलं मांडून होत असतात, भाजीवर पाणी मारलेलं असतं आणि विकणाऱ्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. दुपारी चारनंतर शेतकरी आवरायला लागतात.

हिवाळ्यात गेलात तर शेतकरी कमी दिसतील. सफरचंदं, कंदमुळं, मध, जॅम आणि वाळवलेल्या फुलांचे गुच्छ, एवढंच मुख्यतः असतं. पाऊस असला तरी जा, बराचसा भाग छपराखाली आहे.

३. सोबत काय घ्यायचं

• कापडी पिशव्या, निदान दोन. दुकानदार कागदी पिशवीचे वेगळे पैसे लावतात.
• एक, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण तिथे गाणाऱ्या कलाकारांपुढच्या पैशांच्या पेटीत टाकायला आणि दोन-तीन डॉलरच्या खरेदीला सुट्टे पैसे बरे पडतात.
• घट्ट बसणारे बूट. समोरचा रस्ता विटांचा आणि उंचसखल आहे, मासळीच्या गाळ्यांपुढे जमीन ओली असते. चपला घालून जाऊ नका.
• हलकं जाकीट, जुलैतसुद्धा. समुद्र खालीच आहे आणि सकाळी वारा झोंबतो.
• ओल्या कपड्याचा तुकडा. पीच खाल्ल्यावर आठवण येईल.
• वाइन किंवा सायडरची (सफरचंदाच्या दारूची) चव घ्यायची असेल तर मूळ पासपोर्ट. केस पांढरे असले तरी वयाचा पुरावा मागतात आणि पासपोर्टचा फोनमधला फोटो दाखवून भागेलच असं नाही.

४. पोहोचायचं कसं

गाडी नेऊ नका. पार्किंग महाग आहे आणि चढउताराचे एकेरी रस्ते नवख्याला घाबरवतात. विमानतळापासून लिंक लाइट रेल थेट डाउनटाउनला येते. वेस्टलेक स्टेशनवर उतरा. तिकीट कितीही अंतराला ३ डॉलर, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. स्टेशनवरून समुद्राच्या दिशेनं दहा मिनिटं चाललं की "पब्लिक मार्केट सेंटर" ही लाल अक्षरं आणि घड्याळ दिसतं.

जाताना उतार आहे, म्हणजे येताना भरलेल्या पिशव्या घेऊन चढ आहे! गुडघे दुखत असतील तर हे आधीच हिशेबात धरा. मार्केट एका कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेलं आहे. खालच्या मजल्यांना आणि समुद्राकडे जायला जिने आहेत, पण लिफ्टही आहेत. स्वच्छतागृहं मुख्य बोळात दिसत नाहीत, खालच्या मजल्यावर आहेत. गेल्या गेल्या विचारून ठेवा.

५. शेतकरी ओळखा

नवखा माणूस नेमका इथे चुकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मार्केटमध्ये फळं-भाजी विकणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक म्हणजे कायमचे गाळेवाले. त्यांच्या गाळ्यांना तिथे "हायस्टॉल" म्हणतात. उंच उतरंड, एकेक फळ पुसून मनोऱ्यासारखं रचलेलं, वर दिवे. केळी, आंबे, अननस, संत्री, बाराही महिने सगळं. हे घाऊक बाजारातून माल आणून विकतात. त्यात काही गैर नाही. पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणारी घराणी आहेत ती, आणि त्यांचं रचनेचं कसब बघत राहावं असं आहे. पण ते शेतकरी नव्हेत.

दुसरे ते "डेस्टॉल"वाले. कमरेइतक्या उंचीची साधी टेबलं, रोजच्या भाड्यानं घेतलेली. इथे शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेलाच माल मांडायचा, हा नियम. त्यांना ओळखायच्या खुणा मी अशा बघते:

टेबलावर दोन-चारच वस्तू असतात. ज्याच्याकडे चेरी आहे त्याच्याकडे चेरीच, फार तर तीन जातींची. मागे शेताचं नाव आणि गावाचं नाव लिहिलेली पाटी असते. फळांचा आकार एकसारखा नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हंगामाबाहेरचं काही नसतं. मे महिन्यात कुणी स्थानिक सफरचंद "आजच तोडलंय" म्हणणार नाही.

उन्हाळ्यात काही दिवस बाहेर विटांच्या रस्त्यावरही शेतकरी तंबू लावून बसतात. ते जरूर बघा.

आता बोलायचं काय? मला सुरुवातीला इंग्रजीचा संकोच होता. एकच प्रश्न पाठ केला, तुमचं शेत कुठे आहे? तेवढ्यानं माणूस मोकळा होतो. पीच, चेरी, जर्दाळू विकणारे बरेचसे यकिमा खोऱ्यातून किंवा त्याच्या आसपासून येतात. तिथला भूगोल आपल्याला चटकन कळतो. मध्ये कॅस्केड पर्वत आहे, आपल्या सह्याद्रीसारखा आडवा. पश्चिमेकडून आलेला पाऊस अलीकडेच सांडतो आणि घाटापलीकडे कोरडं, उन्हाचं, कालव्याच्या पाण्यावर पिकणारं माळरान. तिथे फळबागा. अलीकडच्या ओल्या खोऱ्यांत फुलं, पालेभाजी, बेऱ्या. म्हणजे पीचवाला पहाटे घाट उतरून आलेला असतो. हे कळल्यावर त्याच्या टेबलापुढे उभं राहण्याची तऱ्हाच बदलते.

ऑगस्टमधल्या एका सकाळी एका बाईंच्या टेबलावर मी पीच बघत होते. त्यांनी विचारलं, "आज खाणार की परवा?" मी म्हटलं, दोन आज, चार नंतर. त्यांनी मला हात लावू दिला नाही. स्वतःच देठाजवळची बाजू अंगठ्यानं अगदी हलकेच दाबून दोन वेगळी काढली, चार कडक निवडली आणि दोन वेगळ्या कागदी पिशव्यांत घातली. कडक पिशवीचं तोंड दुमडून म्हणाल्या, "ही फ्रिजमध्ये नको, ओट्यावर." मग एक फळ घेऊन सालीसकट फोड कापली आणि सुरीच्या पात्यावरच पुढे केली. रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, त्यांनी तो ॲप्रनला पुसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. ते चार कडक पीच तिसऱ्या दिवशी बरोबर तयार झाले.

तेव्हा फळं स्वतः चाचपू नका, केव्हा खाणार ते सांगा. निवडून ते देतात, आणि आपल्यापेक्षा चांगलं निवडतात.

६. भाव वाचताना

पाटीवरचा आकडा किलोचा नसतो, पौंडाचा असतो. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोहूनही कमी. आपण सवयीनं किलो धरतो आणि पैसे देताना दचकतो. कधी पाटीवर अर्ध्या पौंडाचा भाव मोठ्या अक्षरात आणि "अर्धा" बारीक लिहिलेला असतो, तोही बघा.

घासाघीस करू नका. तिथे ती रीत नाही आणि शेतकऱ्याला ती लागते. संध्याकाळी आवरताना कुणी आपणहून जास्तीची जुडी घातली तर घ्या.

फळं-भाजी, मध, ब्रेड अशा किराण्यावर वॉशिंग्टन राज्यात विक्रीकर नाही. तयार खाण्यावर मात्र १० टक्क्यांहून जास्त कर वर लागतो. खाण्याच्या काउंटरवर कार्ड लावलं की पडद्यावर टिपचे आकडे येतात. काउंटरवर टिप द्यायची की नाही हे तुमच्यावर आहे, गडबडून पहिलं बटण दाबू नका. शेतकऱ्याच्या टेबलावर टिपेचा प्रश्न नाही.

काय घ्यावं? जून-जुलैत रेनियर चेरी. पिवळ्या अंगावर लाली. ही जात याच राज्यात, प्रॉसरच्या संशोधन केंद्रात १९५२ मध्ये तयार झाली आणि तिला इथल्याच पर्वताचं नाव दिलं. पातळ सालीची असल्यानं लगेच डागाळते, म्हणून पिशवीत सगळ्यात वर ठेवा. एप्रिल-मेमध्ये ॲस्परॅगस, जुलै-ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबरपासून सफरचंदं आणि नासपती.

७. फुलांची रांग चुकवू नका

मला विचाराल तर मार्केटमधली सगळ्यात सुंदर जागा ही. लांबच लांब टेबलांवर बादल्या आणि त्यांत गुच्छ. वसंतात डॅफोडिल आणि ट्युलिप, मग पिओनी, उन्हाळा सरत आला की थाळीएवढे डेलिया. विकणारी बहुतेक कुटुंबं ह्मोंग समाजाची आहेत. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेले हे डोंगरी शेतकरी. १९८० च्या दशकात त्यांनी इथे भाजी पिकवायला सुरुवात केली आणि मग फुलांकडे वळले. आजी, सून, नात अशा तीन पिढ्या एका टेबलामागे दिसतात.

गुच्छ तुमच्यासमोर बांधतात. एक लांब देठ, त्याला टेकून दुसरा, हात फिरत राहतो आणि फुलांचा घुमट तयार होतो. मग देठ एकदम छाटून ओल्या कागदात आणि वर पांढऱ्या कागदात गुंडाळून देतात. कुणाकडे जेवायला जाणार असाल तर मिठाईऐवजी हा न्या.

फुलं सगळ्यात शेवटी घ्या. गर्दीत गुच्छ सांभाळत फिरणं कठीण.

८. मासे, कॉफी आणि च्युइंगमची भिंत

घड्याळाखालच्या डुकराच्या पुतळ्यामागच्या मासळीच्या गाळ्यावर कुणी मासा विकत घेतला की कामगार तो ओरडत हवेतून काउंटरपलीकडे फेकतात. विक्री झाली तरच फेकतात, त्यामुळे कधी दहा मिनिटं थांबावं लागतं. वाट अडवून उभे राहू नका.

स्टारबक्सच्या "पहिल्या" दुकानाची रांग दुपारी रस्त्याभर जाते. पहिलं दुकान १९७१ मध्ये सुरू झालं ते जवळच वेस्टर्न ॲव्हेन्यूवर. आताच्या जागी, १९१२ पाइक प्लेस या पत्त्यावर, ते १९७६ मध्ये आलं. कॉफी इतर शाखांसारखीच असते. जुनं बोधचिन्ह असलेला कप हवा असेल तर सकाळी आठच्या आत जा, नाहीतर बाहेरून बघून पुढे व्हा. तो तास शेतकऱ्यांसाठी ठेवा.

खालच्या पोस्ट ॲलीमध्ये च्युइंगमनी भरलेली भिंत आहे. मुलांना आवडते. मला नाही.

९. खाणं, शाकाहारी मंडळींसाठी

"चाउडर" म्हणजे दाट सूप, पण त्यात बहुधा शिंपल्या असतात आणि कधी बेकनही. नुसतं क्रीमचं दिसतं म्हणून घेऊ नका. चीज कडक शाकाहारींनी विचारून घ्यावं, अनेक चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध गोठवायला वापरतात तो पदार्थ) असतं. अंड्याचंही तसंच, बेकरीत जवळपास सगळ्यात असतं. आम्ही ताजा ब्रेड, टोमॅटो, पीच आणि मूठभर हेझलनट घेऊन पश्चिमेकडच्या मोकळ्या गच्चीवर बसतो. खाली खाडी आणि उघडीप असेल तर पलीकडे ऑलिंपिक पर्वत. २०२४ पासून तिथून समुद्रकाठापर्यंत उतरणारा रुंद पादचारी मार्गही झाला आहे.

१०. पायाखाली आणि डोक्यावर बघा

मुख्य दारातून आत शिराल तेव्हा वर मान करा. कागद कापून केल्यासारखी पाच चित्रं आहेत, आकी सोगाबे यांची, १९९९ मध्ये लावलेली. दुसऱ्या महायुद्धाआधी इथल्या शेतकऱ्यांत निम्म्याहून जास्त जपानी वंशाचे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि या लोकांना घरंदारं, उभी पिकं सोडून छावण्यांत जावं लागलं. टेबलं ओस पडली. बरेच जण परत आलेच नाहीत. पहिल्या खेपेला मी या चित्रांखालून तशीच निघून गेले होते. आता दर वेळी तिथे क्षणभर थांबते.

त्यानंतर बाजार इतका खंगला की १९६३ मध्ये बराचसा पाडून तिथे उंच इमारती बांधायचा आराखडा आला. व्हिक्टर स्टाइनब्रुक या वास्तुरचनाकारानं लोक गोळा केले, सह्या जमवल्या आणि २ नोव्हेंबर १९७१ ला नागरिकांनी मत देऊन बाजार वाचवला. जमिनीवरच्या फरश्यांवर नावं कोरलेली दिसतील. १९८० च्या दशकात दुरुस्तीसाठी लोकांनी ३५ डॉलरला एकेक फरशी घेतली, ती ही नावं.

घड्याळाखाली रेचल नावाचं काशाचं डुक्कर आहे, जवळपास अडीचशे किलोचं, १९८६ पासून. ती खरोखरची दानपेटी आहे. फोटो काढणारे शंभर, पैसे टाकणारे थोडे. त्यातले पैसे मार्केटच्याच आवारातला दवाखाना, पाळणाघर, अन्नपेढी आणि ज्येष्ठांच्या केंद्राला जातात. एक नोट टाका.

जमिनीवर रंगवलेली संगीताची चिन्हं दिसली तर त्यावर उभे राहू नका, ती गाणाऱ्यांची जागा आहे. थांबून ऐकलंत तर पेटीत काहीतरी घाला.

११. विमानानं नेताना

मध आणि जॅम विमानतळाच्या तपासणीत द्रव धरतात. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेतून जात नाही, टाकून द्यावी लागते. मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

फुलांचे कंद आणि बियांची पाकिटं मोहात पाडतात. भारतात रोपं, कंद, बिया आणायला परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ती घेऊच नका. ताजी फळं तिथेच खाऊन संपवा. घरी न्यायला हातानं बनवलेल्या वस्तूंची टेबलं बघा. तिथेही नियम तोच, ज्यानं बनवलं त्यानंच विकायचं. मी आणलेला मातीचा पेला घडवणाऱ्या बाईंनी तो कागदात गुंडाळण्याआधी उलटा करून बुडाला त्यांच्या अंगठ्याचा ठसा कुठे राहिलाय ते दाखवलं होतं.